क्लचची पिन

परवा मलकापुरातलं आमचं जुनं गॅरेज रिकामं केलं. नटबोल्टच्या एका डब्याच्या तळाशी, कागदात गुंडाळलेली करंगळीएवढी पिन निघाली. मुलगा म्हणाला, "भंगारात टाकू?" आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला...

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कऱ्हाड भागात आपल्यासारखा मेकॅनिक नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आबा म्हणजे माझं एक गिऱ्हाईक. वडूजकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. फौजेत हवालदार होते. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर डावा पाय गेला, पार मांडीपासून.

दुष्काळात बोअर मारायला आलेल्या परदेशी लोकांनी जाताना विकलेली एक दांडगी फोर व्हील ड्राइव्ह त्यांनी घेतली होती. गाडी ऑटोमॅटिक... क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. बैलगाडी जिथे हात टेकायची, अशा माळावर आबा त्या गाडीतून भावाच्या मेंढरांना पाणी पोचवायचे.

"गाडीत बसलो की मी दोन पायांचा आसतो गड्या," ते म्हणायचे. "उतरलो की लंगडा."

आणि नेमका तोच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला. मुंबई-पुण्याला चौकशी करून झाली, पार्ट कुठेच मिळेना. साधा, हाताने बदलायचा गिअरबॉक्स बसवणं एवढाच मार्ग उरला. म्हणजे क्लच आला... आणि आबांचं गाडी चालवणं सुटलं.

मी चाचरत हे सांगितलं, तर आबा शांतपणे म्हणाले, "तू बशीव क्लच. पाय हाय माजा."

मला वाटलं लाकडी पायाबद्दल बोलतायत. तसं नव्हतं. गेलेल्या पायाचा अंगठा त्यांना खाजायचा, थंडीत टाच दुखायची. काही जणांना असं होतं, असं लष्करी डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. मी मान डोलावली, मनात मात्र हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तीन आठवडे खपलो. भंगारातल्या लष्करी जीपचा गिअरबॉक्स आणला, इंजिनाशी जुळवायला लेथवर प्लेट करून घेतली, शाफ्ट कापून आखूड केला. क्लचचं पेडल बसवलं आणि डोकं लढवून सीटच्या उजव्या बाजूला एक दांडा दिला. हाताने दांडा ओढला की पेडल दबणार... मी स्वतःवरच खूश होतो. दांडा आणि पेडल जोडणारी होती एक पिन.

आबा आले ते भर दुपारी. ऊस ओढून थकलेले बैल झाडाखाली बसले होते, रस्ता सुस्त होता. पेडलला सकाळी लावलेला लाल प्रायमर अजून ओला होता. मी म्हटलं, "आबा, पेडलला हात लावू नका, तुमचं काम दांड्यावर." लाकडी पाय अडकतोय म्हणून त्यांनी तो पट्टे सोडून काढला आणि बाकड्याला टेकवून ठेवला. बूट-मोज्यासकट.

गाडी निघाली. एक झटका नाही, गिअरचा खरखराट नाही... लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी अभिमानाने खिशात हात घातला आणि हाताला पिन लागली.

पिन माझ्याकडे म्हणजे दांडा नुसता लोंबकळत होता. पुढे नाक्यावर उसाच्या गाड्यांची रांग, दर दहा पावलांवर थांबणं... मी रस्त्यावर धावलो, पण गाडी दिसेनाशी झाली होती. परत आलो तर तो एकटा पाय बाकड्याशी उभा. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. खरं सांगतो, पाठ करूनही बरं वाटेना.

अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज आला. चौथा, तिसरा, दुसरा... एकेक गिअर अलगद उतरत गाडी दारात थांबली. आबांचा चेहरा उजळला होता.

"बेस झालंय रं. फकस्त तळव्याला लय चिकाट लागलंय. रॉकेल हाय का जरा?"

मी उजव्या बुटाकडे पाहिलं. तळ कोरडा होता, नुसती धूळ. मग पेडलकडे पाहिलं... मधला प्रायमर पुसला गेला होता, खालचं लोखंड चमकत होतं.

मी रॉकेलची वाटी आणि चिंधी दिली. आबा सीटवर आडवे वळून बसले, चिंधी बुडवली आणि खाली वाकून हवेत पुसू लागले. आधी टाच, मग तळवा, मग एकेक बोट. इतकं सावकाश, की प्रत्येक बोट मला कळत होतं.

"गेलं बग," म्हणाले आणि चिंधी परत दिली. चिंधी लाल झाली होती. आता गॅरेजमधल्या चिंधीला काय काय लागलेलं असतं... मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं.

मग पिन पुढे केली. "आबा, माजी चूक झाली... ही बसवायचीच ऱ्हायली. दांडा जोडलेलाच न्हाई."

त्यांनी पिनेकडे पाहिलं, दांडा एकदा हलवून बघितला. मग बराच वेळ पेडलकडे बघत बसले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"मग ऱ्हाऊ दे की," म्हणाले आणि माझी मूठ मिटवली. "आन् त्यो दांडाबी काड. मदी येतोय."

आबा पुढे कित्येक वर्षं ती गाडी चालवत होते. आता ते नाहीत. मी त्यांना गाडी परत दिली असं त्यांच्या गावात सगळे म्हणायचे, मला मान द्यायचे.

पिन मी मुलाच्या हातातून काढून घेतली. आबांना गाडी परत मिळाली ती या पिनेमुळे किंवा दांड्यामुळे नव्हे, हे फक्त आबांना आणि मला माहीत होतं... मी नुसतं पेडल बसवलं होतं. पाय त्यांचा होता.