काठीवरचा भार

धुळा मैंदर्गीचा. वय एकसष्ट. चाळीस वर्षं मेंढरांमागं चालला. दोन वर्षांपासून उजव्या टाचेमागची शीर दुखत होती. सकाळची पहिली दहा पावलं तो भिंत धरून टाकायचा. रानात मेंढरं पुढं जायची, हा मागं राहायचा.

मुलगा बिरुदेव चिंचोळी एमआयडीसीत कामाला. त्यानं सांगून टाकलं, "आबा, दसऱ्यापातुर पाय सुदारला तर बगू. न्हायतर मेंढरं इकायची आन् तुमी आमच्या कंपनीच्या गेटवर बसायचं."

धुळा मला म्हणाला, "गेट राखायला माणूस कशाला? ते कुटं पळून जातंय व्हय?"

आमची ओळख जुळे सोलापुरातल्या राजनंदिनी मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात झाली. मी मार्केट यार्डात तीस वर्षं पोती उचलली, म्हणून खांद्यासाठी जायचो. दर मंगळवारी दोघं एकाच बाकावर.

मॅडम त्याला पालथं झोपवत. अंगठ्यानं पोटरी वरून खाली दाबत, गाठ लागली की तिथंच थांबत. मग टाच मुठीत धरून घोटा मागं-पुढं हलवत. धुळा उशीत तोंड खुपसून "यप्पा!" करायचा.

"मामा, लोकर कातरताना मेंढरू ओरडतं का एवढं?"

"न्हाय वरडत. पर आमी त्याला एवडं दाबत न्हाय की!"

शीर मोकळी करणं मॅडमचं काम, तिच्यात ताकद आणणं त्याचं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे. दोन्ही पायांवर वर जायचं. मग सगळा भार उजव्यावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यायची. पंधरा वेळा, असं तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी, बारा आठवडे.

सहा आठवडे झाले. फरक नाही.

"एक दीस चुकवला न्हाय, मेंढरांची आन," धुळा म्हणाला. खोटं नव्हतं. त्याची बायको गोजाबाई रोज समोर बसून मोजायची.

"करून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

धुळानं दाराशी टेकवलेली काठी घेतली. पायरीवर चढला, काठी पुढं रोवली, दोन्ही मुठी तिच्यावर, मुठींवर हनुवटी. रानात मेंढरं राखताना उभा राहायचा तसाच. पंधरा झाले. घाम नाही, दम नाही.

"घरीपण काठी असते?"

"काठीबिगर उबा कसा ऱ्हाऊ, बाई?"

मॅडमनी काठी काढून घेतली. भिंतीला फक्त दोन बोटं लावायला सांगितली. चौथ्याला पोटरी थरथरली. सातव्याला तो थांबला, कपाळ ओलं.

सोबत आलेली गोजाबाई म्हणाली, "सा आटवडं काठीलाच व्यायाम दिला की तुमी!"

बारा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. दसरा सात आठवड्यांवर होता. जाताना काठी गोजाबाईनं हातात धरली.

दसऱ्याला मी त्यांच्या घरी होतो. बिरुदेव आला आणि अंगणातच उभा राहिला. धुळा पायरीवर चढला. दोन बोटं चौकटीला. गोजाबाईनं मोजलं. तिसऱ्या फेरीत पंधराव्याला टाच अर्ध्यावरच धपकन खाली आली.

"पंदरा," गोजाबाई म्हणाली.

"चौदा," धुळा म्हणाला. "शेवटचं धरू नगंस."

बिरुदेवनं विचारलं, "सकाळी भिंत किती पावलं धरता?"

"तीन."

त्यानं वाकून टाच चाचपली. "बारा आटवडं पुरं करा," म्हणाला. "मग बगू."

दुसऱ्या दिवशी धुळा मेंढरांमागं निघाला. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले.