गुलाबी दाणे

मी ताराअक्काला फसवलं. सरकारला फसवायला निघालो होतो, फसली ती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

शिंदखेड्यात माझं बियाण्याचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, त्यामुळे कुणी मला कमी लेखलं की डोकं फिरतं. एका वर्षी सरकारी खरेदी केंद्रावर माझी ज्वारी डागी म्हणून परत पाठवली. शेजाऱ्याची तसलीच घेतली. तो राग मी वर्षभर जपला.

पुढच्या वर्षी काय केलं? तपासणारा नमुन्याची नळी पोत्याच्या कडेला, कानाजवळच खुपसतो, हे मी पाहून ठेवलं होतं. पोत्याच्या मधोमध पत्र्याचा डबा उभा केला — बूड काढलेला. त्यात दुकानातलं मुदत संपलेलं बियाणं ओतलं, भोवती चांगली ज्वारी, मग डबा उपसून घेतला. औषधाचा गुलाबी रंग जावा म्हणून बियाणं धुतलं होतं. पण बियाण्याला लावलेलं औषध — ते विषच — धुऊन जातं का? मला नक्की माहीत होतं, जात नाही.

पोती पास झाली. ती ज्वारी कुठे जाणार, हा विचार मी केला नाही. का केला नाही?

ताराअक्का आमच्या शेतात निंदायला येते. एका दुपारी बांधावर तिनं मूठ उघडून दाखवली.

"भाऊ, रेशननी ज्वारीमा या गुलाबी दाना कसाना शेतस? ज्वारीले बी कुकू लागनं का काय?"

बियाण्यातलं मला कळतं, म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "काही नाही अक्का, जातच तशी आहे."

तिनं फडकं सोडलं, अर्धी भाकर पुढे केली. मी हात मागे घेतला.

"आमना हातनी चालत नही का, भाऊ?"

तिला तसंच वाटू दिलं — ते सोपं होतं. उरलेली अर्धी भाकर तिनं तिच्या पोटुशी सुनेसाठी बांधून ठेवली. मी बघत होतो.

तो नातू आता अडीच वर्षांचा आहे. बोलत नाही. डॉक्टर विचारतात, पोटात असताना आईनं काही खाल्लं होतं का? अक्का सांगते, रोजचीच भाकर. त्याच्या न बोलण्याचा त्या दाण्यांशी संबंध असेल, नसेलही — पण हे डॉक्टरला कळल्याशिवाय तो सांगणार कसा? दुकानासमोरून ती त्याला कडेवर घेऊन जाते, आणि मी तराजूआड खाली वाकतो.

केंद्रावरच्या त्या तपासणाऱ्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. जाब त्यानं द्यायचा नाही. दाणे कशाचे, हे अक्कानं मला विचारलं होतं. मीच सांगायचं आहे.