विद्युलताबाईंचे सतरा बेडूकमासे

विद्युलताबाईंचा कुणावरच विश्वास नसे. दूध त्या हुंगून घेत, इस्त्रीचे कपडे दोनदा मोजत आणि लिफ्टवाला नेहमीपेक्षा गोड हसला तर दिवसभर त्याचं कारण शोधत. सांगली सोडून चेन्नईत येऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती. सिरुसेरीत तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या आयटीवाल्यांच्या चिमुरड्यांची शाळा चालवत. आणि चांगली चालवत, हे मान्य करायलाच हवं.

बेडूक हा त्यांचा हातखंडा विषय. भिंतीवरच्या तक्त्यात चार चित्रं: अंडी, बेडूकमासा, पाय आलेला बेडूकमासा आणि पाण्याबाहेर पडलेला छोटा बेडूक. बारा वर्षं त्या पट्टी टेकवून हेच शिकवत होत्या. यंदा हौसेनं त्यांनी मागच्या डबक्यातले सतरा बेडूकमासे आणून काचेच्या उघड्या टाकीत सोडले. मुलं त्यांना उकडलेला पालक घालत आणि काचेला नाक लावून बसत. मागचे पाय दिसले त्या दिवशी ऊर्मीनं अशी आरोळी ठोकली, की शेजारचे धावत आले.

मग एका सकाळी चौदाच भरले. दुसऱ्या दिवशी अकरा. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. रंजनी! शाळेची आया रंजनी नऊ वर्षं कामाला होती, मुलांना भरवायची, त्यांची नाकं पुसायची. पण टाकी बघून "छी, अक्का, डास होतील" म्हणून नाक मुरडलं होतं ते तिनंच. सकाळी सगळ्यांआधी येऊन फरशी पुसणारीही तीच. बादलीबरोबर दोन-तीन मोरीत ओतायला कितीसा वेळ लागतो? बाई डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या. रंजनी पुसताना गुणगुणत होती, तर तेही त्यांना खटकलं.

आठ उरले तेव्हा त्यांचा तोल सुटला. गोलात बसलेल्या मुलांसमोरच त्या कडाडल्या, "रंजनी, खरं सांग. तूच फेकतेस ना?"

"नाही, अक्का."

"मग चोर कोण? मी?"

सगळी मुलं रंजनीकडे बघू लागली.

तासाभरानं इरानं चपलांच्या कप्प्यातून आपला बूट ओढला, तसं आतून नखाएवढं काहीतरी उडी मारून बाहेर पडलं. शेपटीचं टोक अजून शिल्लक होतं. "मिस, चौथं चित्र!" इरा किंचाळली. कुंडीमागच्या ओल्या कोपऱ्यात आणखी तिघे निघाले. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं आणि त्यांना अक्षरशः जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

स्वयंपाकघरात जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं, रंजनी."

रंजनी ग्लास विसळत होती. "मुलांसमोर बोललात, अक्का. मुलांसमोरच सांगा."

बाईंनी सगळं सांगितलं: रंजनीनं काही केलं नव्हतं, चूक मिसची होती. मुलं एका सुरात "येस, मिस" म्हणाली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

जेवणाच्या सुट्टीत रंजनी रोजच्यासारखी अद्वयचा डबा उघडून द्यायला वाकली. अद्वयनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"नको. मिस उघडतील."

रंजनी ऊर्मीकडे वळली. ऊर्मीनंही आपला डबा मागे सरकवला.