वरची मूठभर काकडं

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या पुढच्या वाडीतली बुधी सत्तेचाळीस वर्षांची आहे, असं तिचा पासपोर्ट म्हणतो. बुधीला तारीख माहीत नव्हती, बुधवार तेवढा माहीत होता. तेव्हा विशेसरांनी एक जून टाकून तिचा जन्म एकदाचा उरकला. घाई होती. ब्राझीलमध्ये, जंगलातल्या मोठ्या नदीवर मनाऊस नावाचं शहर आहे. तिथं उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींची जागतिक परिषद भरणार होती आणि सरांना सोबत एक अस्सल आदिवासी बाई न्यायची होती.

विशेसर वाशिंदला राहतात, कॉलेजात शिकवतात आणि शेवळांवर त्यांची डॉक्टरेट आहे. जूनमध्ये रानात उगवणारी ही भाजी त्यांना बुधीनंच दाखवली. वीस वर्षं ती पुढे, सर मागे. तिच्या सांगण्यावरून सरांनी अकरा निबंध लिहिले. त्यांत तिचं नाव ‘स्थानिक माहितीदार’ असं आहे. शेवळं मात्र सरांनी कधी खाल्ली नाहीत. मॅडमना घरात तो वास चालत नाही.

शेवळं खाजरी असतात. काकड नावाची आंबट फळं घातली की खाज मरते. म्हणून मुरबाडच्या बाजारात बुधी शेवळांची जुडी देते आणि वर मूठभर काकडं टाकते, न मागता. सरांच्या तक्त्यात नाव, वजन, शिजवायचा वेळ असे रकाने होते, काकडांचा नव्हता. बुधीनंही सांगितलं नाही. मीठ घालायचं, हे तरी कुठे सांगितलं होतं? जे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, ते डॉक्टरला काय सांगायचं!

परिषदेच्या शेवटच्या दिवशी पाहुण्यांना शेवळांचं जेवण द्यायचं ठरलं होतं. बुधीनं वाळवलेली शेवळं बांधून घेतली, सोबत वाळवलेली काकडंही. विमानतळावर सरांनी गाठोडं उघडलं.

“हे काय?”

“काकडं. याच्याबिगर खाजंल ना, सर.”

“परवाना फक्त शेवळांचा आहे,” असं म्हणून वनस्पतींच्या परिषदेला निघालेल्या सरांनी वनस्पती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मनाऊसला तीन दिवस विद्वान मंडळी खिडक्या बंद करून, गारेगार दालनात, जंगलाची चित्रं बघत होती. जंगल बाहेरच होतं. बुधीला कोरं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतं. फोटोला बरी दिसायची.

चौथ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर एक पाटी लागली. सरांनी ती हौसेनं वाचून दाखवली. “‘बुधीची शेवळं.’ बघा बुधीबाई, तुमचं नाव जगात पोचलं!”

वीस वर्षांत पहिल्यांदा नाव लागलं, ते दोनशे माणसांच्या घशाला खाज आणायला! तिची भाजी खाऊन आजवर कुणी साधं खाकरलं नव्हतं. बाजारात ती या एकाच गोष्टीवर मान वर करून बसायची.

ती तडक नदीवरच्या बाजारात गेली. तिथं बायका फडक्यांवर पाला, कंद, फळं मांडून बसल्या होत्या आणि गिऱ्हाइकांना दमात घेत होत्या. बुधीला तीन दिवसांत पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. तिनं जीभ बाहेर काढली, घसा खाजवला, तोंड वेंगाडलं. एका जाडजूड म्हातारीनं हसून बोटाएवढं हिरवं फळ पुढे केलं. बुधीनं चावलं, दात आंबले. हातातल्या चार बांगड्या म्हातारीला देऊन ती पिशवीभर फळं घेऊन आली.

“भाजीत घालते, सर.”

“अजिबात नाही. तक्त्यात नाही ते घातलं तर अभ्यासाला अर्थ काय?”

जेवणाआधी बुधीला व्यासपीठावर उभं केलं. ती मोठ्यानं म्हणाली, “खाऊ नका! यात काकडं नाय, घसा खाजंल!” सरांनी इंग्रजीत भाषांतर केलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खाऊ नका म्हटल्यावर कुणी टाळ्या वाजवतं का? सर काय बोलले ते बुधीला कळून चुकलं आणि तिला भयंकर राग आला.

मग जगभरचे शास्त्रज्ञ जेवले. पाच मिनिटांत दालनभर खोकला, डोळ्यांत पाणी, पाण्यासाठी धावाधाव. बुधी पिशवी घेऊन टेबलाटेबलाशी गेली. एक फळ स्वतः चावून दाखवायची, एक हातात द्यायची. याला भाषांतर लागलं नाही. घसे निवले. सर शेवटपर्यंत थांबले. मग त्यांनीही मुकाट्यानं हात पसरला. बुधीनं त्यांना दोन दिली. काही झालं तरी माणूस आपल्याकडचा.

परतल्यावर सरांचा बारावा निबंध आला: आंबट फळांनी शेवळांची खाज कशी मरते, याचा त्यांनी लावलेला शोध. पुतणी अनितानं तो मोबाइलवर वाचून दाखवला.

“माजं नाव कुठं हाय गो?”

“नाय गो काकी. माहितीदार लिवलंय.”

पुढच्या जूनमध्ये सर मुरबाडच्या बाजारात आले. आता त्यांना शेवळं खाऊन बघायची होती. बुधीनं दोन जुड्या त्यांच्या पिशवीत घातल्या. सर पिशवी उघडी धरून तसेच उभे राहिले.

“आणि काकडं?”

“ती तुमच्या कागदात हायेत ना, सर. त्यातलीच घाला.”

आणि सरांच्या मागे उभ्या असलेल्या बाईला जुडी देऊन तिनं वर दोन मुठी काकडं टाकली, न मागता.