त्रेचाळीस कुंड्या आणि एक अबोला

आमच्या घरात भांडणं फारशी होत नाहीत. होतो तो अबोला. सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे आरडाओरड्याचा त्यांना कंटाळा असावा. रागावल्या की त्या एकदम गप्प होतात. मीही काही कमी नाही. त्या डोंबिवलीत आणि आम्ही ठाण्यात बाळकुमला, म्हणजे अबोला बहुतेक वेळा फोनवर पाळावा लागायचा, आणि त्याला कसब लागतं. नवरा फोन स्पीकरवर ठेवायचा. त्या म्हणायच्या, "तिला सांग, लोणच्याची बरणी परत पाठव." मी ओट्यापाशी उभी राहून म्हणायचे, "आईंना सांग, धुऊन ठेवलीय." मधला माणूस नुसता "हं" म्हणायचा. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढा सराव त्याला पुरेसा होता.

गेल्या वर्षीचा अबोला कुंड्यांवरून झाला. सासूबाईंची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली आणि सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितलं. आई आपल्याकडे येणार, असं नवऱ्याने जाहीर केलं. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं तर त्यांनाही कोणी विचारलं नाही. त्यांच्या गॅलरीत त्रेचाळीस कुंड्या होत्या. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "चौदाव्या मजल्यावर एवढ्या कुंड्या कुठे ठेवणार?" मी कुंड्यांबद्दलच बोलत होते, असं माझं म्हणणं. त्यांनी वेगळंच ऐकलं. त्या चुकीचं ऐकत होत्या असं मात्र मी शपथेवर सांगणार नाही.

अकरा दिवस आम्ही बोललो नाही. मग सामान हलवायचा दिवस आला. मोठा ट्रक कपाटं-पलंग घेऊन पुढे गेला आणि सामान उतरवून घ्यायला नवराही त्याच्याबरोबर गेला. ट्रकवाले झाडं न्यायला तयार नव्हते, म्हणून झाडांसाठी वेगळा पिकअप सांगितला होता. सासूबाईंनी ठरवलं की झाडं परक्याच्या हवाली करायची नाहीत, त्या स्वतः पिकअपमध्ये बसणार. "आईला एकटीला सोडू नकोस," नवरा मला फोनवर म्हणाला. म्हणजे मीही आले.

पिकअपमध्ये पुढे तिघांची सीट. उजवीकडे ड्रायव्हर, मध्ये मी, डावीकडे खिडकीपाशी सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर तुळशीची कुंडी. बाकीच्या बेचाळीस मागे दाटीवाटीने. सासूबाईंनी पट्टा लावला, नीट ओढून पाहिला. मधल्या सीटला पट्टा नव्हता. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि तुळशीच्या मंजिऱ्या माझ्या कानात जात होत्या.

ड्रायव्हर पन्नाशीचे, काल्हेरकडचे, तोंडभर हसणारे. निघून दोन मिनिटंही झाली नसतील, सासूबाई माझ्या डोक्यावरून त्यांना म्हणाल्या, "दादा, ह्यांना विचारा, गॅसचा नॉब बंद केला का?"

ह्यांना म्हणजे मला. माझा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला होता.

ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काकी बोलतान, गॅस बंद केलाव का?"

"त्यांना सांगा, सिलिंडरच काल परत गेला."

"काकी, सिलिंडर गेला बोलतान."

त्यांना एकदा खेळ कळला, आणि पुढे तो आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आवडला. माणकोलीचा पूल ओलांडेपर्यंत निरोपांत ते पदरचंही घालायला लागले. मी "त्यांना सांगा, पाणी हवंय का" म्हटलं की तिकडे पोचायचं, "काकी, वहिनी काळजीन विचारते, पानी घ्या जरा." सासूबाईंनी पाणी घेतलं. काळजीचा उल्लेख मीही खोडून काढला नाही.

खाडीचा पूल मागे पडला. माजिवड्याकडे गाड्यांची गर्दी वाढत होती, पण वेग कमी झाला नव्हता. तेव्हा सासूबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "दादा, ह्यांना सांगा, मी पंधरा दिवसच राहणार आहे. डोंबिवलीत आमच्या शेजारच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली आहे."

ड्रायव्हरांचं हसू गेलं. हा निरोप नेहमीसारखा सांगायचा नाही, हे त्यांना समजलं असावं. त्यांनी मान पूर्ण माझ्याकडे वळवली. "वहिनी," ते म्हणाले, "काकी बोलतान..."

निरोप मला आधीच ऐकू आला होता. आणि जे लिहायला लाज वाटते ते लिहून टाकते: ऐकून मला आधी बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. फार तर एवढा एकच विचार करण्यापुरता वेळ मिळाला, कारण पुढचा डंपर थांबला होता.

ड्रायव्हरांनी स्टिअरिंग डावीकडे मारलं. डंपरचा कोपरा आमच्या उजव्या अंगाला लागला, काच फुटली, गाडी एका अंगावर उभी राहिल्यासारखी झाली आणि मग उजव्या कुशीवर पडून घासत गेली. आवाज फार मोठा होता आणि तो संपायचं नावच घेत नव्हता. शेवटी गाडी थांबली.

सगळ्यात खाली ड्रायव्हर, त्यांच्यावर मी, आणि माझ्या छातीवर तुळस. सासू उरावर बसते असं बायका म्हणतात. आमच्याकडे त्यांनी कुंडी पाठवली होती. तोंडात माती गेली होती, डोळ्यात काहीतरी गरम उतरत होतं, श्वास अर्धाच येत होता. वर, पट्ट्याला लटकलेल्या सासूबाई. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. एक पाय दिसत होता, चप्पल नसलेला, आणि तो हलत नव्हता.

"आई," मी म्हटलं. "आई. अहो आई." इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. पंधरा दिवस, ती खोली, माझं ते सुटलो म्हणणं, सगळं एकदम अंगावर आलं. या बाईला मी 'आमच्या घरी राहायला या' असं एकदाही म्हटलेलं नाही, आणि आता ऐकायला ती असेल की नाही हेही कळत नव्हतं.

मग वरून, धाप लागलेला पण शुद्ध, मराठीच्या तासाचा आवाज आला. "दादा, ह्यांना सांगा, मी बरी आहे."

माझ्या खाली हात मोडून पडलेला माणूस कण्हत म्हणाला, "वहिनी... काकी बोलतान... बऱ्या हायेत."

मला हसू फुटलं. दोन बरगड्या मोडलेल्या असताना हसू नये, हे मला तेव्हा कळलं.

रिक्षावाले, टेम्पोवाले धावत आले. राहिलेली काच काढून त्यांनी आम्हाला एकेक करून बाहेर घेतलं. मला स्ट्रेचरवर घालत होते तेव्हा दिसलं, कोणीतरी धड राहिलेल्या कुंड्या दुभाजकावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. महापालिकेचं वृक्षारोपण चाललंय असंच कोणालाही वाटलं असतं.

हॉस्पिटलमध्ये मला कपाळाला टाके घातले आणि छाती आवळून बांधली. सासूबाईंच्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ सोडला तर त्या ठीक होत्या, तरी रात्रभर ठेवून घ्यायचं ठरलं. शेजारीशेजारी खाटा, मध्ये हिरवा पडदा. ड्रायव्हरांना प्लॅस्टरसाठी नेलं होतं. नवरा पांढऱ्या चेहऱ्याने आला, आणि त्याच्या मागोमाग जबाब घ्यायला हवालदार.

"ड्रायव्हरचं लक्ष कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगावं हे ठरवत होते, तेवढ्यात पडद्यापलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो, म्हणून ते बिचारे आमचे निरोप पोचवत होते. चूक आमची आहे. मी मोठी, म्हणून जास्त माझी."

"एकाच सीटवर बसून बोलत नव्हता?"

"हो."

हवालदारांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. "मॅडम, हे मी लिहू कसं?" शेवटी त्यांनी समोरचा डंपर अचानक थांबला असं लिहिलं, आणि तेही खरंच होतं. जाता जाता ते माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले, "आमच्याकडे पण सेम आहे." नवऱ्याने आमच्या दोन्ही खाटांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो चहा आणायला गेला.

आता पडदा आणि आम्ही दोघीच होतो. सिस्टर सलाईन बघायला आली. "सिस्टर," मी म्हटलं, "त्यांना सांगा..." आणि मलाच माझी लाज वाटली. मी पडद्याकडे तोंड केलं.

"आई, ती खोली नको. आमच्याकडे राहा. तुमचा मुलगा म्हणतोय म्हणून नाही, मी म्हणतेय. मी हे आधीच म्हणायला हवं होतं."

पलीकडून आवाज आला, "सिस्टर, ह्यांना विचारा, कुंड्या कुठे ठेवणार?"

सिस्टरला दुसऱ्या वॉर्डातून हाक आली होती. "अम्मा, आप ही पूछो ना," असं म्हणून ती निघून गेली.

पडद्याच्या कड्या खरखरल्या. सासूबाईंनी हात लांब करून तो वीतभर सरकवला होता. त्यांच्या केसांत अजून माती होती. माझ्या कपाळाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कुंड्या कुठे ठेवणार?" त्यांनी मला विचारलं.

"एक छातीवर ठेवून झालीय," मी म्हटलं. "बाकीच्यांचंही बघू." आणि हसायला लागले, आणि कळ आली, आणि हसताहसता रडायलाच लागले.

पडद्याच्या फटीतून त्यांचा हात आला आणि माझ्या मनगटावर घट्ट बसला. अकरा दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या होत्या, आणि त्यांचं दुसरं वाक्य असं होतं: "पुरे आता, अगदी बोलू नकोस."

मी बोलले नाही. त्यांनी हातही काढला नाही.