कादर मिस्त्री आणि तळवड्याची गाडी

कासारवाडीला हमरस्त्याच्या कडेला कादर मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. काम एकच, गाड्यांच्या विजेचं. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, वायरिंग. इंजिनाला तो हात लावत नसे. बॅटरीतल्या ॲसिडनं त्याच्या प्रत्येक सदऱ्याला भोकं पडलेली असत. "अंगात सदरा आहे का चाळण?" असं त्याची बायको रहिमाबी विचारी, आणि तो तसाच जेवायला बसे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तळवड्याच्या अर्जुनरावांची जुनी अँबॅसिडर त्याच्याकडे तिसऱ्यांदा आली. आली म्हणजे धक्का मारून सुरू केलेली.

"मिस्त्री, तुमच्याकडं असली की शहाणी, आमच्याकडं आली की आडमुठी," अर्जुनराव म्हणाले. "गाडीला बी सासर-माहेर असतंय व्हय?"

ते हसत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको शालन बाळंतपणात अडली होती. बैलगाडीतून चिंचवडच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच मूल गेलं. पुढं थोडी जमीन कारखान्याला गेली, तेव्हा आलेल्या पैशातून अर्जुनरावांनी सगळ्यात आधी ही जुनी गाडी घेतली. आता शालनला पुन्हा दिवस भरत आले होते आणि गाडी चार दिवस उभी राहिली की सकाळी नुसती कण्हायची.

पहिल्या वेळी कादरनं बॅटरी चार्ज केली. दुसऱ्या वेळी डायनॅमो उघडून दुरुस्त केला. दोन्ही वेळा त्यानं एक साधी परीक्षाही केली होती. सगळी बटणं बंद करायची, बॅटरीची एक तार सोडवायची, तार आणि बॅटरी यांच्यामध्ये छोटा बल्ब धरायचा. बल्ब पेटला तर वीज कुठंतरी चोरून जाते आहे. बल्ब पेटला नव्हता. शेडमध्ये गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली, तरी एका किल्लीत उठली होती.

"आता इथं नाही बघत," कादर म्हणाला. "ती जिथं रुसते, तिथंच येतो."

तळवड्याला अर्जुनरावांचा धाकटा भाऊ किसन गाडी चालवायचा. त्यानं ती गोठ्याशेजारच्या छपरात लावली आणि किल्ली खिशात टाकली. कादरला ओसरीवर चहा आला. तेवढ्यात अर्जुनरावांची आई, सावित्रीबाई, घरातून गणपतीच्या तसबिरीची एक लहान चौकट पदरानं पुसत बाहेर आली. तिनं ती गाडीत काचेखाली नीट बसवली. किसननं खाली वाकून दोन तारा जोडल्या आणि देवापुढं तांबडा दिवा लागला.

कादरनं कप खाली ठेवला. "आजी, गाडी माझ्याकडे आली तेव्हा ही चौकट तिच्यात नव्हती."

"कशी असंल? गाडी दुरुस्तीला निघाली की मी देव आधी घरात घेते. तिथं लोक बिड्या वढत्यात, चपला घालून आत चढत्यात."

कादरनं बॉनेट उघडून तार सोडवली आणि मध्ये बल्ब धरला. देवापुढचा दिवा मंद झाला आणि कादरच्या हातातला बल्ब लागला. त्यानं अर्जुनरावांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं.

"आईला सांगायची माझी छाती न्हाई," अर्जुनराव हळूच म्हणाले. "तुमीच सांगा."

"मी? मी मुसलमान माणूस, देवाचा दिवा काढा म्हणून सांगू?"

"मग किसन सांगंल."

किसन तोवर बैलांना पाणी दाखवायला गेला होता.

"काय कुजबुज चाललीय रं?" सावित्रीबाई जवळ आली. कादरनं मग जे होतं ते सांगितलं.

"म्हंजी देव गाडी बंद पाडतोय?"

"देव नाही आजी, तार. किल्ली काढली तरी दिवा जळत राहतो. गाडी रोज पळाली तर तेवढी वीज भरून येते. तुमची उभी असते."

"तो ईझायचाच न्हाई म्हणून तर मी किसनला तशी जोडाय लावली. नवस हाय माझा. शालन सुखरूप सुटेस्तवर मोरयापुढचा दिवा मालवायचा न्हाई."

दिव्याची तार किल्लीवरून घेतली, म्हणजे किल्ली काढली की दिवाही विझेल, असं कादरच्या मनात होतं. नवस ऐकल्यावर तो उपाय राहिला नाही. अर्जुनराव पायानं माती उकरत होते.

"नवसाबद्दल मी काय बोलू, आजी," तो शेवटी म्हणाला. "पण कळा सुरू झाल्या आणि गाडी उठली नाही तर?"

शालन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सावित्रीबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग ती घरात गेली, देवघरात समई लावून परत आली आणि पदर खोचून चौकट उचलायला वाकली.

"किसन, सोड तारा. दिवा देवाचा हाय, मोटारीचा न्हाई. आत जळंल. रातीचं उठून तेल मी घालीन."

कादरनं त्यांची दमलेली बॅटरी काढून घेतली आणि शेडमधली भरलेली आणून बसवून दिली. जाताना त्यानं पुन्हा एकदा बल्ब लावून पाहिला. आता तो पेटला नाही.

पुढं आठवड्याभरानं किसन गाडी घेऊन शेडपुढं थांबला. कादर हात पुसत धावतच बाहेर आला.

"एका किल्लीत उठली का?"

"उठली की. भर दुपारी निघालो. चिंचवड येईस्तवर कुठं थांबलो न्हाई."

आधी काय विचारायला हवं होतं, ते कादरला तेव्हा सुचलं. "आणि शालनताई?"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. आईनं पेढं धाडल्यात." किसननं पुडा पुढं केला. "आन् सांगितलंय की दिव्याची तार आता किल्लीवरनं घ्या. गाडी चालंल तेवढा जळू दे."

चौकट गाडीत जागच्या जागी होती. या खेपेला सावित्रीबाईनं ती घरी ठेवून घेतली नव्हती. कादरनं पेढा तोंडात टाकला, हात धुतले, चपला शेडच्या दारात काढल्या आणि पकड घेऊन गाडीत शिरला.