पाहुण्यांचा न फोडलेला नारळ

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत सत्यनारायणाची पूजा असते. बोरिवलीतल्या बऱ्याच सोसायट्यांत असते, त्यात नवीन काही नाही... नवीन होता तो यंदाचा प्रमुख पाहुणा.

नाव लिहीत नाही. मालिकांमधला एकेकाळचा मोठा हिरो, एवढं पुरे. सेटवरच्या मुलींना तो कसा त्रास द्यायचा हे मध्यंतरी बाहेर आलं, मालिका गेली आणि माणूस गायब झाला. मग एक दिवस मोबाईलवर उगवला... दाढी, भगवी कफनी, गळ्यात तुळशीची माळ, नवीन नाव. दीक्षा घेतली म्हणे. आता 'क्षमा' या विषयावर प्रवचनं देतो आणि लोक खाली हात जोडलेले इमोजी टाकतात.

मला असल्या गोष्टी पचत नाहीत. देव नेमका काम गेल्यावरच कसा सापडतो, आणि सापडल्या सापडल्या कॅमेरा कसा चालू होतो, हे कोणीतरी मला समजावून सांगावं.

पण यावेळी प्रश्न माझा नव्हता. त्याच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलींमधली एक, शर्वरी, आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर आईबरोबर राहते. त्या मालिकेत ती असिस्टंट डायरेक्टर होती. तक्रारीनंतर त्या लाईनमध्ये तिला कोणी उभं केलं नाही, आता अंधेरीत एका ऑफिसात नोकरी करते. पूजेची रांगोळी दरवर्षी तीच काढते.

मी सेक्रेटरींशी भांडले. ते म्हणाले, "अहो मॅडम, माणूस बदलतो ना! आणि आता बोलावून झालंय, नाही कसं म्हणायचं?" शर्वरीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं ताई. मी बसेन वरच." चुकलं त्याचं, आणि स्वतःच्या घरात लपून बसायचं हिने!

पूजेच्या दिवशी रांगोळीची जागा रिकामीच होती. पाहुणे आले, बायका पाया पडल्या, त्यांच्या माणसाने सगळं शूट केलं. मी मागे खांबाला टेकून उभी.

आमची अर्धी बिल्डिंग कोकणातली, त्यामुळे पूजेनंतर गाऱ्हाणं होतं. पाहुण्याने आणलेला नारळ घाडी काका हातात घेतात आणि त्याच्या वतीने देवाला मोठ्याने मागणं घालतात. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, मग नारळ फोडायचा. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात.

काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, काय मागू? पाहुणे माईकवर मंद हसत म्हणाले, "मला काही नको. मागचं सगळं धुऊन जावं, एवढंच." टाळ्या पडल्या. काकांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो पावणो तुझ्या पायाकडे इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"मागचा सगळा धुवान जावंदे म्हणता..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या हातसून कोणा लेकीबाळीक तरास झालो असात, तर आधी तिच्या दारात जावची बुद्धी त्येका दी. तिना माफ केल्यान, तरच मगे तू माफ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने सगळे म्हणून गेले... आणि मग सगळ्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. सगळ्यांत मोठा आवाज पाहुण्यांचाच होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, समोर माईक.

काकांनी नारळ फोडला नाही. चौरंगावर ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाले, "चौथ्या मजल्यावर राहते ती. लिफ्ट चालू आहे. जाऊन या तुम्ही, आम्ही थांबतो."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जावा हा माणूस. मी खोटी पडले तरी चालेल, पण जावा. लिफ्ट त्याच्यापासून अगदी चार पावलांवर होती... त्याने लिफ्टकडे पाहिलं, मग आपल्या कॅमेरावाल्याकडे पाहिलं. "पुढचा कार्यक्रम आहे, पुन्हा कधीतरी नक्की," असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी त्याचा रील आला. त्यात आमचा मांडव आहे, हात जोडलेला तो आहे, ओठही हलतायत. आवाजाच्या जागी भजन टाकलंय.

नंतर शर्वरीकडून कळलं, काका सकाळीच तिच्याकडे जाऊन आले होते. "असा गाऱ्हाणा घालू काय गो? तुका नको तर नाय घालूचंय," असं विचारून. ती म्हणाली होती, "घाला. आला तर दार उघडीन." म्हणजे आम्ही खाली उभे होतो तेव्हा ती वर चांगला ड्रेस घालून, दाराकडे तोंड करून बसली होती. काय बोलायचं ते मनात जुळवत. स्पीकरवरून तिला सगळं ऐकू गेलं... आमचं 'व्हय म्हाराजा'सुद्धा, आणि नंतर गाडी निघाल्याचा आवाजही.

हळदीकुंकवाच्या आधी ती खाली आली, हातात रांगोळीचे डबे. सेक्रेटरी स्वतः झाडू घेऊन आले आणि त्यांनी जागा झाडून दिली. रांगोळी काढून झाल्यावर तिने काकांना विचारलं, "त्या नारळाचं काय करायचं?" काका म्हणाले, "तू म्हणशील तसा." ती म्हणाली, "राहू दे."

तिला विचारूनच हे लिहितेय. माणूस बदलतच नाही असं मी आजही म्हणणार नाही. पण तो बदलला, तर ते सगळ्यांत आधी तिला कळायला हवं, मग फॉलोअर्सना. घाडी काकांचे आभार कसे मानायचे मला कळत नाही... आम्ही सगळे देवाकडे बघत होतो, त्यांना चौथा मजला दिसला.

नारळ सोसायटीच्या ऑफिसात आहे. शेंडीसकट. ज्याचा आहे त्याने यावं, लिफ्ट चालू आहे.